छापा वाघीण, जोडा डबा!

छापा की काटा? आपलं उत्तर एकच, छापा! नाणेफेकीतला नव्हे हो, प्रिंटरमधला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी भंगारात गेलेला रेल्वेचा डबा आज मॉडेल रेल्वेच्या छंदिष्टाच्या टेबलावरच्या मशीनमधून, रेझिनचे थेंब ठिबकवत, उलटा लटकत बाहेर येतो. जेमतेम बोटभर लांब, पण बफरपासून बिजागरीपर्यंत सगळं जागच्या जागी. झाली शिट्टी, चढा पटापट!

माहीत आहे का, रेझिन प्रिंटरला एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, छापायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात सहा वाघिणी छापून होतात? जादू नाही, साधं गणित आहे. रेझिनच्या ट्रेला खाली काच नसते, पारदर्शक फिल्म असते. फिल्मखाली मोबाइलसारखा एलसीडी स्क्रीन आणि त्याच्याही खाली 405 नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश. स्क्रीनवर एका थराचं चित्र उमटतं. जिथून प्रकाश वर जातो तिथलं रेझिन घट्ट होतं आणि बाकीचं पातळच राहतं. थर आख्खाच्या आख्खा एका दमात पक्का होत असल्यानं त्यात वाघीण एक आहे की अर्धा डझन, याचं मशीनला सोयरसुतक नाही. वेळ ठरतो तो फक्त उंचीवर.

आकडेच हवेत? ब्रिटनच्या लाडक्या ओओ स्केलमध्ये, म्हणजे 1:76.2 च्या प्रमाणात, जुनी कोळशाची वाघीण सुमारे 66 मिलिमीटर लांब भरते. प्रिंटची उंची 40 मिलिमीटर धरा आणि थराची जाडी 0.05 मिलिमीटर. झाले 800 थर. एका थराला आठ सेकंद धरले तरी दोन तासांच्या आत काम फत्ते. दहीहंडीचे थर असतात ना तसंच हे, पण उलटं: पहिला थर सगळ्यात वर चिकटतो आणि पुढचे त्याच्याखाली लोंबत जातात.

पहिले थर पक्के चिकटावेत म्हणून त्यांना प्रकाश जास्त वेळ देतात. त्यामुळे ते थोडे फुगतात. या फुगवट्याला छंदिष्टांच्या दुनियेत नाव आहे ‘हत्तीचा पाय’. वाघिणीला हत्तीचा पाय! सर्कस इथूनच सुरू होते.

प्राणिसंग्रहालय रुळावर

ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं नाव ऐकलंय? या ब्रिटिश कंपनीनं तारेचे शब्द वाचवायला प्रत्येक प्रकारच्या वाघिणीला एक छोटं सांकेतिक नाव दिलं होतं. गार्डची ब्रेक व्हॅन म्हणजे ‘टोड’, बेडूकच. बंद मालडबा ‘मिंक’. अवजड यंत्रं नेणारी, मध्ये खोलगट असलेली गाडी ‘क्रोकोडाइल’. गुरांचा खास डबा ‘बीटल’. मासळीचा डबा ‘ब्लोटर’, म्हणजे खारवून धुरी दिलेला हेरिंग मासा! तार मास्तरानं ‘दोन बेडूक आणि एक मगर पाठवा’ असं टिकटिकवलं, तर पलीकडचा शांतपणे यार्डाकडे चालू लागायचा.

पुढे ब्रिटिश रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यानं तर समुद्रच ढवळून काढला. खडी वाहणाऱ्या वाघिणी ‘डॉगफिश’, ‘कॅटफिश’ आणि ‘मर्मेड’. खडी पसरवणारी ब्रेक व्हॅन ‘शार्क’. आपल्या वाघिणींनी यांच्यापुढे नुसती डरकाळी फोडावी.

माहीत आहे का, केळ्यांसाठी वेगळ्या, वाफेनं उबदार ठेवलेल्या वाघिणी असत? केळी बंदरावर कच्ची उतरायची आणि थंडीत काळवंडू नयेत म्हणून इंजिनाची वाफ नळ्यांतून त्यांच्या डब्यात सोडायचे. प्रवाशांचे पाय मात्र गारठलेले! त्यांच्या वाट्याला आले पत्र्याचे ‘फूट वॉर्मर’. आधी त्यात गरम पाणी असायचं. मग लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीनं त्यात सोडियम अ‍ॅसिटेट भरलं. गार पडू लागला की वॉर्मर हलवायचा, पुन्हा गरम! आजच्या ‘क्लिक’ करून तापणाऱ्या हँड वॉर्मरमध्ये हेच रसायन असतं.

दुधाची वाघीण? आतून काचेचं अस्तर, सहा चाकं, पोटात 3,000 गॅलन. घोड्यांची वाघीण? शेजारी मोतद्दाराला बसायला छोटी खोली. व्याह्यानं धाडलेलं घोडं बहुधा यातूनच आलं असावं.

मग कंपन्या हे सगळं विकत का नाहीत?

विकतात की. पण लाडक्यांचंच. प्लास्टिकच्या मॉडेलसाठी आधी पोलादी साचा खोदावा लागतो, आणि तो महागडा साचा वसूल व्हायला माल हजारोंनी खपावा लागतो. त्यामुळे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’सारखं नामांकित इंजिन प्रत्येक दुकानात, आणि कुठल्याशा खेड्याच्या फाट्यावर धावलेल्या एकुलत्या एक डब्याला कुणी विचारत नाही. घरगुती रेझिन प्रिंटरनं हा हिशेबच उलटा केला. इथे साचा नाही. एकच प्रत हवी? एकच छापा. म्हणून सध्या या छंदात खरी चैन चाललीय ती विचित्र, विसरलेल्या, दोनच वर्षांत मोडीत निघालेल्या गाड्यांची. माझ्या मते हे फार छान झालं. इतिहासात नटांपेक्षा नाटकातले हमालच जास्त असतात.

उदाहरण द्या म्हणता? घ्या. 1830 साली सुरू झालेल्या लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या फर्स्ट क्लासचा डबा दिसायचा कसा, तर घोड्यांच्या तीन बग्ग्या शेजारी शेजारी चिकटवून खाली चाकं लावल्यासारखा. सामान टपावर! आणि गरिबांचा डबा? उघडी पेटीच. छप्पर नाही, खिडकी नाही, बऱ्याचदा बाकही नाही. नवशिक्या प्रिंटरवाल्याला याहून सोपं मॉडेल नाही.

हसू इथेच थांबवा. 1841 साली नाताळच्या आदल्या दिवशी ग्रेट वेस्टर्नची एक गाडी सॉनिंगच्या कटिंगमध्ये घसरून आलेल्या मातीवर आदळली. उघड्या वाघिणींतले गरीब प्रवासी बाहेर फेकले गेले आणि मागच्या मालडब्यांखाली सापडले. मग 1844 मध्ये कायदाच झाला: थर्ड क्लासला बसायला बाक आणि ऊन-पावसापासून आडोसा हवाच, भाडं मैलाला एक पेनी, आणि वेग किमान ताशी 12 मैल. छपरासाठी पार्लमेंट!

आता त्याच ग्रेट वेस्टर्नचे रूळ पाहा. कंपनीचे इंजिनिअर इसम्बार्ड ब्रुनेल साहेबांनी दोन रुळांतलं अंतर ठेवलं होतं 7 फूट पाव इंच. बाकी देश 4 फूट साडेआठ इंचांवर. शेवटी कंपनीनंच हार मानली. मे 1892 मध्ये एका वीकएंडला हजारो कामगारांनी शेवटचे रुंद रूळ अरुंद केले. उरलेल्या अवाढव्य गाड्या ठेवायला स्विंडनला मैलोन्‌मैल सायडिंग टाकावं लागलं. तिथे त्या मोडीची वाट पाहत उभ्या राहिल्या. ओओ स्केलमध्ये हा रूळ 28 मिलिमीटर भरतो. तयार मॉडेल मिळायची मारामार, त्यामुळे घरच्या प्रिंटरला सुवर्णसंधी.

नाकापेक्षा मोती जड

माहीत आहे का, जगातल्या कितीतरी ब्रिटिश मॉडेल ट्रेन चुकीच्या रुळावर धावतात आणि तरी कुणी चेन ओढत नाही? गंमत अशी. युरोप-अमेरिकेत एचओ स्केल, 1:87, रूळ 16.5 मिलिमीटर. ब्रिटिश इंजिनं मुळात आकारानं लहान. ती 1:87 नं आक्रसली की सुरुवातीच्या काळातली मोटर आत मावेना. मग शहाण्यांनी काय केलं? इंजिन मोठं केलं, 1:76.2, पण रूळ तसाच ठेवला! परिणाम: ओओची गाडी सुमारे सात इंच ‘अरुंद’ रुळावर डुलत जाते. चोखंदळ मंडळी चिडून 18.83 मिलिमीटरचे रूळ स्वतः बांधतात. उरलेले चहा पितात.

मात्र एका रेल्वेचं नशीब फळफळलं. ओओ स्केलची गाडी 9 मिलिमीटरच्या रुळावर ठेवली की तो खऱ्या जगात बरोबर 2 फूट 3 इंच भरतो. असा दुर्मिळ गेज कुणाचा? वेल्समधल्या टॅलिलिनचा! 1951 पासून स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातली पहिली जतन केलेली रेल्वे. ‘थॉमस द टँक इंजिन’चे लेखक पाद्री ऑड्री इथे सुट्टीत गार्डचं काम करत.

आणि आपली ब्रॉडगेज? 1676 मिलिमीटर. ओओ स्केलमध्ये ती चक्क 22 मिलिमीटर होते, एचओमध्ये सव्वाएकोणीस. म्हणजे बाजारातल्या 16.5 च्या रुळावर आपला डबा ठेवला, की बिचारा पाय जवळ घेऊन उभा!

शर्यत तीन आठवड्यांची

हे रेझिन प्रिंटिंग काढलं कुणी? अमेरिकेचे चक हल, असं सगळे सांगतात. पण जपानच्या नागोयात हिदेओ कोडामांनी आधीच कल्पना मांडून 1980 मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. तो पुढे बारगळला. मग 16 जुलै 1984 ला तीन फ्रेंच संशोधकांनी अर्ज केला. हल यांचा अर्ज 8 ऑगस्टचा, तीन आठवड्यांनी मागे. पण फ्रेंचांच्या वरिष्ठांना यात धंदा दिसेना, म्हणून त्यांनी नाद सोडला. 1986 मध्ये हल यांना पेटंट मिळालं. धंदा न दिसणाऱ्यांचं पुढे काय झालं असेल, याची कल्पना करा.

हल यांनी 1983 मध्ये छापलेली पहिली वस्तू? डोळे धुवायची छोटी वाटी. आज आपण त्याच तंत्रानं छापलेले रिव्हेट मोजून डोळे फोडून घेतो.

हो, रिव्हेट! खऱ्या वाघिणीवर 20 मिलिमीटरचं रिव्हेटचं डोकं ओओमध्ये जेमतेम पाव मिलिमीटर उरतं. ‘रिव्हेट काउंटर’ ही इंग्रजीत या छंदातली जुनी शिवी. दुसऱ्याच्या मॉडेलकडे भिंगातून बघून ‘अहो, तिसऱ्या ओळीत एक कमी आहे’ म्हणणारा तो. पूर्वी हे रिव्हेट पत्र्याच्या मागून सुईनं एकेक टोचून उठवायचे. आता कॉम्प्युटरवर एक काढा, बाकी कॉपी-पेस्ट. टीकाकारांचा धंदा बसला!

आता जरा जवळून बघा. नारिंगी झाकण उघडा. ते नारिंगी का माहीत आहे? खोलीतला अतिनील प्रकाश अडवायला, नाहीतर ट्रेमधलं रेझिन तिथेच गोठेल. हातात नायट्राइल ग्लोव्हज. प्लेटवरून राखाडी रेझिन तारेसारखं ओघळतंय. खाली काटेरी सपोर्टच्या जंगलात अडकलेली वाघीण. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अंघोळ, मग थोडा वेळ कोमट पाण्यात, म्हणजे सपोर्ट मऊ पडतात. आता पकड घ्या. कट्, कट्, कट्. ब्रेकचा दांडा एका केसानं वाचला. शेवटचा सपोर्ट... कट्. ब्रेकचा दांडा गेला. हत्ती गेला आणि शेपूट तुटलं! मग उरलेल्याला यूव्ही दिव्याखाली पक्कं करायचं आणि दांड्याच्या जागी पितळी तार लावायची.

एक गंभीर सूचना, दोन ओळींत. कच्चं रेझिन त्वचेला लावू नका आणि मोरीत ओतू नका. सांडलेलं, पुसलेलं, उरलेलं सगळं आधी उन्हात घट्ट करा, मगच कचऱ्यात. संपलं लेक्चर.

ब्रिटनमधल्या मंडळींचं एक रडगाणं आपल्याला कळायचंच नाही. तिथलं गॅरेज हिवाळ्यात गारठलं की रेझिन दाट होतं आणि प्रिंट फसतात, म्हणून मशीनला हीटर लावतात. विदर्भातल्या छंदिष्टानं मे महिन्यात यावर हसून घ्यावं.

वजनदार किस्सा

रेझिनची वाघीण हलकी. सांध्यावर आली की उडते. म्हणून ब्रिटिश छंदिष्ट चार चाकी वाघीण साधारण 50 ग्रॅमची करतात, पोटात शिसं भरून. आणि इथे दबा धरून बसलाय या छंदातला सर्वात संथ स्फोट! शिशाचे बारीक गोळे पांढऱ्या पीव्हीए गोंदानं चिकटवले, की रासायनिक क्रिया होऊन शिसं हळूहळू फुगतं. दोन-चार वर्षांनी एके सकाळी शोकेसमधल्या इंजिनाचं पोट फाटलेलं. गुन्हेगार: शाळेतला गोंद!

धातूची जुनी खेळणी तरी टिकाऊ म्हणावीत? छे! दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक मॉडेल्सच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली. तो आतून तडकतो, फुगतो, बिस्किटासारखा चुरा होतो. या रोगाला नावही आहे, ‘झिंक पेस्ट’. लागण झाली की औषध नाही.

रंग माझा वेगळा

माहीत आहे का, इंजिनांचे जुने फोटो चक्क खोटं बोलतात? कारखान्यातून नवं इंजिन बाहेर आलं की फोटोसाठी त्याला खास मॅट राखाडी रंग फासत, कारण त्यात तपशील उठून दिसायचा. फोटो झाला की खरा रंग. त्यातच जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग काळा दिसायचा आणि निळा फिकट. म्हणजे फोटो बघून रंगवाल, तर फसाल. शिवाय फोटोग्राफर हमखास बाजूनं फोटो काढायचे. डब्याच्या खाली काय होतं? प्रिंटरला तेही सांगावं लागतं, आणि मग सुरू होते जुन्या कारखान्यांच्या ड्रॉइंगची शोधाशोध. खरे तास इथे जातात. छपाई ही नुसती गाडीबरोबरची नळ्याची यात्रा.

आणि रंगांची नावं? लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नच्या डब्यांचा रंग होता ‘प्लम अँड स्पिल्ट मिल्क’, आलुबुखार आणि सांडलेलं दूध! लंडन–ब्रायटन रेल्वेचे विल्यम स्ट्राउडली यांचा ‘इम्प्रूव्ह्ड इंजिन ग्रीन’ तर चक्क पिवळट सोनेरी. हिरव्याचा मागमूस नाही! साहेब रंगांध होते की खट्याळ, यावर आजही पैजा लागतात.

धावत्या गाडीतून डबा गुल

ब्रिटनमध्ये ‘स्लिप कोच’ नावाची अजब चीज होती. एक्स्प्रेस थांबायची नाही. स्टेशनच्या अलीकडे शेवटच्या डब्यातला गार्ड धावत्या गाडीचं कपलिंग सोडायचा आणि डबा स्वतःच्या ब्रेकवर आरामात फलाटाला लागायचा. शेवटचा असा डबा सुटला बिसेस्टरला, 10 सप्टेंबर 1960 रोजी.

टपालाचा डबाही कमी नव्हता. 1838 मध्ये पहिला फिरता टपाल डबा धावला तो घोड्यांच्या वाघिणीत बदल करून. पुढे खांबाला टांगलेल्या टपालाच्या थैल्या धावती गाडी जाळ्यानं झेलू लागली!

राणीसाहेबांचंही ऐका. 1869 मध्ये व्हिक्टोरियासाठी दोन सलून डबे बांधले आणि मध्ये घडीचा बोळ ठेवला. पण गाडी चालू असताना त्या बोळातून जायला राणीचा ठाम नकार! गाडी थांबवा, मगच पलीकडे. ते डबे आज यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये आहेत.

बार्शी ते स्टॅफर्डशायर

आता कॉलर ताठ करा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. गेज अडीच फूट. इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. त्यामुळे हलक्या रुळांवरही तगडा माल निघायचा. हीच लाइन पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. कितीतरी वारकऱ्यांनी विठोबा गाठला तो हिच्याच डब्यांतून.

आणि पुढचं? हाच कॅलथ्रॉप बार्शीचा धडा घेऊन इंग्लंडला गेला आणि 1904 मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभी राहिली. इंग्लंडच्या हिरव्या दरीत फिकट पिवळे, वसाहती थाटाचे डबे आणि भल्यामोठ्या हेडलाइटची इंजिनं! शिवाय मोठ्या गेजची आख्खी वाघीण पाठीवर घेऊन जाणाऱ्या छोट्या गाड्या. वाघिणीवर वाघीण! 1934 मध्ये लाइन बंद पडली. आज तिथे पायवाट आहे. छंदिष्टांना मात्र ही लाइन भयंकर प्रिय.

थांबा, कॅलथ्रॉप संपला नाही. या गृहस्थानं विमानातून उडी मारायला पॅराशूटही बनवलं, नाव ‘गार्डियन एंजल’. शिवाय अरबी घोडे पाळायचा. बायोपिक कुणी काढत कसं नाही!

बार्शीचा डबा छापायचाय? अडीच फूट म्हणजे ओओमध्ये 10 मिलिमीटर. एचओमध्ये पावणेनऊ, म्हणजे बाजारातला 9 मिलिमीटरचा एन गेज रूळ जवळजवळ फिट्ट! आणि माथेरानची दोन फुटी? एचओमध्ये 7 मिलिमीटर. झेड गेजचा साडेसहाचा रूळ चालवून घ्या.

छोटी रेल्वे धावताना बघायची हौस असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहेच. मोठी हौस असेल तर हॅम्बुर्गचं मिनिआटुर वुंडरलँड, तिथे सुमारे 16 किलोमीटरचे रूळ. आणि रॉकस्टार हौस? गायक रॉड स्टुअर्टनं वीसहून जास्त वर्षं खपून आख्खं अमेरिकी शहर उभं केलं, रुळांसकट. दौऱ्यावर असताना हॉटेलात मॉडेल बनवायला वेगळी खोली घ्यायचा!

शेवटची गाडी आपली. 1 जून 1930. डेक्कन क्वीनचे पहिले दोन रेक, प्रत्येकी सात डबे. खालचे सांगाडे इंग्लंडचे, वरची अंगं आपल्या माटुंग्याच्या वर्कशॉपची. एक रेक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा राजेशाही निळा, सोनेरी रेघांचा. आत फक्त फर्स्ट आणि सेकंड क्लास. थर्ड क्लासला प्रवेश मिळाला थेट 1955 मध्ये.

कुठला छापणार? पहिल्यांदाच हात घालत असाल तर गुपचूप निळा घ्या. डबा लांब, छोट्या प्लेटवर आडवा मावणार नाही. दोन तुकडे करून खिडक्यांच्या मधल्या पट्टीवर जोडा, सांधा लपतो. चंदेरी रंग मात्र भारी चुगलखोर असतो. छपरावरचा एकूण एक थर, जोडावरची भेग, राहिलेला सपोर्टचा डाग, सगळं चारचौघांत सांगतो. त्याच्याआधी सँडपेपरचे चार नंबर आणि प्रायमरचे तीन हात तयार ठेवा.